शब्दांना स्वरांची ओंजळ

माण, हिंजवडी, मारुंजी, वाकड हा पट्टा गेल्या दोन-अडीच दशकांत झपाट्याने बदलला. मुळशी तालुक्यातील भातखाचरांच्या शेजारी राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे एक टोक माण गावात आले. भोसरी-चाकणचे कारखाने आणि इकडची संगणक कार्यालये यांच्या ओढीने अनेक प्रांतांतील जैन कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. कोणी मारवाडातील, कोणी गुजरातमधील, कोणी बेळगाव-हुबळीकडील, तर कोणी सांगली, कोल्हापूर, सोलापूर येथील. घरातील बोली निरनिराळ्या, आम्नाय निरनिराळे; मुलांची शाळा मात्र एक आणि संकुलातील सभागृहही एकच.

या सभागृहांतून पर्युषणात, दशलक्षण पर्वात आणि महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी भक्तिसंध्या होतात. वाद्यवृंद येतो, स्तवने गायिली जातात, तरुण मंडळी उत्साहाने टाळ्यांचा ठेका धरतात. आणि कार्यक्रम संपल्यावर अनेक घरांत एकच वाद रंगतो. ज्येष्ठांची तक्रार असते की स्तवनाला चित्रपटगीताची चाल लावली, आवाज कर्कश केला आणि शब्द हरवले. तरुणांचे उत्तर असते की चाल ओळखीची नसती तर कोणी आलेच नसते. दोन्ही बाजूंना काही अंशी सत्य आहे. प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता, तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण ज्या रचनेच्या आधारे एखादी परंपरा पुढील पिढीच्या कानांवर पडते, ती रचना श्रोत्यांपर्यंत पोहोचते की नाही, असा हा प्रश्न आहे. शब्दांना स्वरांनी वंदन करावे ते कसे, याचा विचार करण्यासाठी थोडे दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल.

न्यूयॉर्कमधील एक मैफल

२८ एप्रिल १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉल या सभागृहात ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाने एक नवी रचना सादर केली. ती एका लेखकाला वाहिलेली होती. लेखक होता विल्यम शेक्सपिअर, आणि संगीत होते जॅझ. एडवर्ड केनेडी एलिंग्टन (१८९९-१९७४) हे त्या काळी अमेरिकेतील अग्रगण्य संगीतकारांपैकी एक. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कॅनडातील स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअर महोत्सवात त्यांच्या वाद्यवृंदाने वादन केले होते. त्या भेटीतून ही कल्पना अंकुरली. एलिंग्टन आणि त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न (१९१५-१९६७) या दोघांनी मिळून बारा तुकड्यांची ही माला रचली. तिचे नाव ‘सच स्वीट थंडर’, म्हणजे ‘असा मधुर मेघनाद’.

हे नाव शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकातील एका शब्दसमूहावरून घेतले आहे. मूळ नाटकात तो शब्दसमूह शिकारी कुत्र्यांच्या भुंकण्याच्या वर्णनात येतो. जैन वाचकाला हा संदर्भ रुचणार नाही, हे उघड आहे. परंतु एलिंग्टन यांनी शिकारीचा तो प्रसंग मागे ठेवला आणि हे नाव ऑथेल्लोच्या वाणीला दिले. आपल्या आयुष्याची कहाणी सांगून डेस्डेमोनाचे मन जिंकणारा कृष्णवर्णी सेनानी हा त्या पहिल्या तुकड्याचा विषय आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शाळा, उपाहारगृहे आणि बसगाड्या वर्णानुसार विभागलेल्या होत्या, त्या काळात एका कृष्णवर्णी संगीतकाराने इंग्रजी भाषेतील सर्वांत मान्यवर लेखकाला अभिवादन करताना आरंभाचे स्थान ऑथेल्लोला द्यावे, यात कोणतीही घोषणा नव्हती. तरीही सांगायचे ते सांगितले गेले होते.

जॅझ म्हणजे गोंगाट, अशी समजूत आजही अनेक घरांत आढळते. प्रत्यक्षात या संगीताचा जन्म अमेरिकेतील गुलामीतून मुक्त झालेल्या समाजाच्या वेदनेतून आणि प्रार्थनेतून झाला. चर्चमधील सामूहिक गायन, शेतमजुरांची श्रमगीते आणि लष्करी बँडची वाद्ये यांच्या मिश्रणातून न्यू ऑर्लिन्स शहराच्या परिसरात ते आकाराला आले. आधी ठरलेली धून सर्वांनी मिळून मांडायची, मग एकेका वादकाने तिचा आपल्या परीने विस्तार करायचा आणि शेवटी पुन्हा सर्वांनी मूळ धुनेशी यायचे, ही त्याची सर्वसाधारण रीत. बंदिश मांडून आलापांनी ती फुलवणाऱ्या आणि पुन्हा समेवर येणाऱ्या भारतीय गायकाला ही रीत परकी वाटू नये.

वाद्ये बोलली ती कशी

या रचनेतील विशेष असा की तीत शेक्सपिअरचा एकही शब्द गायिला जात नाही. सारे काही वाद्येच सांगतात. तरीही ज्याने मूळ नाटके वाचली आहेत, त्याला पदोपदी ती आठवतात. हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे.

बारांपैकी चार तुकड्यांच्या नावात ‘सॉनेट’ हा शब्द आहे. सॉनेट म्हणजे चौदा ओळींची कविता. मराठीत तिला सुनीत म्हणतात, आणि केशवसुतांनी ती मराठीत रुजवली. शेक्सपिअरच्या सुनीतातील प्रत्येक ओळीत साधारणपणे दहा अक्षरोच्चार असतात. एलिंग्टन यांनी या चार तुकड्यांतील मुख्य धून चौदा स्वरवाक्यांची बांधली आणि प्रत्येक स्वरवाक्यात दहाच स्वर ठेवले. कवितेचा अर्थच नव्हे, तर तिचा सांगाडाही स्वरांत उतरवला. ऐकणाऱ्याला ही मोजणी कळो वा न कळो, रचणाऱ्याने ती पाळली.

जैन वाचकाला हे पटकन उमजेल, कारण भक्तामर स्तोत्र त्याच्या नित्य पठणात असते. आचार्य मानतुंगांचे हे स्तोत्र श्वेतांबर परंपरेत ४४ आणि दिगंबर परंपरेत ४८ श्लोकांचे मानले जाते. आणि ते सारे वसंततिलका वृत्तात आहे. प्रत्येक चरणात चौदा अक्षरे, लघु-गुरूंचा क्रम ठरलेला. हे वृत्त स्वतःच एक चाल घेऊन येते. ज्या चालीत लघु अक्षर ओढले जाते आणि गुरू अक्षर घाईने उरकले जाते, ती चाल कितीही गोड असली तरी भक्तामराची होत नाही. एलिंग्टन यांनी दहा स्वर मोजले ते याच जाणिवेने.

दुसरे उदाहरण क्लार्क टेरी या तुतारीवादकाचे. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील पक हा खोडकर यक्ष मर्त्य माणसांच्या वेडेपणाला हसतो. एलिंग्टन यांनी टेरींना सांगितले की पकचे ते वाक्य ट्रम्पेटमधून ‘बोलून’ दाखवावे. टेरींनी तुकड्याच्या अखेरीस शब्दांची चढउतार, विराम आणि उपहास असा काही वाजवला की वाक्य जाणणाऱ्याला ते ऐकू येते. वाक्य न जाणणाऱ्यालाही कोणीतरी खट्याळपणे काही सांगून गेले, इतके नक्की कळते.

रोमिओ आणि ज्युलिएट यांच्यासाठी दोन सॅक्सोफोन आहेत. जॉनी हॉजेस यांच्या सॅक्सोफोनच्या हळव्या स्वरांत ज्युलिएट बोलते. मॅकबेथच्या तीन चेटकिणींचे काम तीन ट्रॉम्बोन करतात. हॅम्लेटच्या वेडाच्या सोंगासाठी कॅट अँडरसन यांचा ट्रम्पेट इतक्या वरच्या सप्तकात जातो की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. शेवटच्या तुकड्यात शोकांतिका, सुखांतिका, ऐतिहासिक नाटके आणि सुनीते या शेक्सपिअरच्या चार लेखनप्रकारांना वंदन आहे. म्हणून धून चार-चार स्वरांच्या अंतराने एका षड्जावरून दुसऱ्यावर सरकत राहते.

यातील एक गोष्ट या लेखाच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. रोमिओ-ज्युलिएटच्या तुकड्याची धून नवी नव्हती. स्ट्रेहॉर्न यांनी ती आधीच ‘प्रिटी गर्ल’ या वेगळ्या नावाने रचली होती. म्हणजे जुनी चाल नव्या विषयाला लावली गेली. त्याने काही बिघडले का? बिघडले नाही. कारण ती चाल निवडणाऱ्याला विषय ठाऊक होता, आणि त्या दोन अभागी जीवांचे आर्त तिच्यात मावते, हे त्याने पारखले होते. आज ती धून जगभर ओळखली जाते ती नव्या नावानेच.

मुंबई, गोवा आणि जॅझ

हे संगीत महाराष्ट्राला नवखे नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णी वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर टेडी वेदरफोर्ड आले. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या गोव्याच्या तरुणांनी हे संगीत आत्मसात केले. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी एक. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात या जॅझचा ठसा स्पष्ट आहे. ज्या ‘पाश्चात्त्य’ ठेक्यांबद्दल घराघरांत नाक मुरडले गेले, ते मराठी संगीतकाराच्या हाताने आणि गोमंतकीय वादकांच्या श्वासाने मराठी कानांत शिरले होते. पुढे १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला.

स्वतः एलिंग्टन १९६३ साली अमेरिकी सरकारच्या वतीने आपल्या वाद्यवृंदासह भारतात आले होते. दिल्लीत ते आजारी पडले. याच प्रवासातील स्मृतींवर त्यांनी आणि स्ट्रेहॉर्न यांनी पुढे ‘फार ईस्ट सूट’ रचला. त्यातील एक तुकडा दिल्लीत ऐकलेल्या मैनेवर आहे. जिमी हॅमिल्टन यांची क्लॅरिनेट त्या पाखराची शीळ पुन्हा पुन्हा घालते. ज्याने शेक्सपिअर ऐकला, त्याच कानांनी खिडकीबाहेरची मैना ऐकली आणि तिलाही तितक्याच आदराने रचनेत स्थान दिले. जीवमात्राकडे लक्ष देण्याची ही वृत्ती जैन वाचकाला आपली वाटेल.

येथे आणखी एक लहानसा तपशील नोंदवण्याजोगा आहे. तोवर ड्रमवर वासराचे कातडे चढवले जाई. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याची ड्रमपाने बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत बहुतेक वादकांनी ती स्वीकारली. कारण अहिंसेचे नव्हते. दमट हवेत कातडे सैल पडे, हे होते. तरीही कार्यक्रमासाठी वाद्ये ठरवताना अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या मंडळांना आज तो पर्याय सहज मिळतो.

पुण्यातील एक वर्ष

लेखकाला स्वरांनी वंदन करण्याची सर्वांत मोठी मराठी घटना माणपासून फार दूर घडली नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत, अशी ५६ गीते झाली. ‘गीतरामायण’ ही रामकथा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते एका लेखकाला वाहिलेले अभिवादनही आहे. कथा सांगतात ते कुश आणि लव, आणि त्यांना ती शिकवणारे आदिकवी वाल्मीकी. माडगूळकरांनी मूळ काव्याचा क्रम सांभाळला आणि प्रत्येक पात्राला त्याची भाषा दिली. फडक्यांनी प्रत्येक प्रसंगाला त्याचा राग शोधला. त्यामुळेच इतक्या वर्षांनंतरही श्रोत्यांना चालीबरोबर शब्द आठवतात. केवळ चाल गुणगुणली जात नाही.

जैन परंपरेने रामकथा स्वतंत्रपणे जपली आहे. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेतील. त्यात रावणाचा वध राम करीत नाही, लक्ष्मण करतो. राम मोक्षगामी असल्याने त्याच्या हातून ती हिंसा घडत नाही. एकच कथा भिन्न दृष्टींनी सांगता येते आणि त्या सांगण्यातून मूळ कथेचा अनादर होत नाही, हे भारतीय साहित्याने फार पूर्वीच स्वीकारले होते. ‘पउमचरिय’ला अशीच स्वरांची साथ देण्याचे काम कोणा मराठी कवीची आणि संगीतकाराची वाट पाहत आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे. बा. भ. बोरकर, बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन करताना त्यांनी भरगच्च वाद्यमेळ टाळला. दोन माणसे, समोर कागद आणि शब्दांचा नेमका उच्चार, एवढ्यावर सभागृहे भरत. वाद्ये असावीत की नसावीत, हा म्हणूनच दुय्यम मुद्दा ठरतो. एलिंग्टन यांनी शब्द पूर्ण वगळले आणि देशपांडे दांपत्याने वाद्यांचा मेळ टाळला. पण दोघांनीही लेखक आधी वाचला होता.

एका तार्किकाची अष्टपदी

जैन साहित्याला या प्रकारची उदाहरणे बाहेरून आणण्याची गरज नाही. सतराव्या शतकात उपाध्याय श्री यशोविजयजी महाराज हे न्यायशास्त्राचे प्रकांड पंडित होते. काशीत त्यांनी अध्ययन केले आणि ‘न्यायविशारद’ ही पदवी मिळवली. ‘ज्ञानसार’, ‘अध्यात्मसार’ यांसारखे ग्रंथ त्यांनी लिहिले. त्यांच्याच काळात आनंदघनजी नावाचे एक अध्यात्मयोगी कवी राजस्थानात विचरत होते. त्यांचे दीक्षानाव लाभानंद. मेडता गावाशी त्यांचा संबंध सांगितला जातो. गच्छाच्या आग्रहापासून दूर राहणारे, एकांतप्रिय आणि लोकांना सहजी न उमगणारे असे ते साधक होते. त्यांची पदे आणि तीर्थंकरांवरील स्तवनांची चोवीशी आजही गायिली जाते. तीतील २२ स्तवने त्यांची स्वतःची आणि उरलेली नंतर इतरांनी पूर्ण केली, असे परंपरा मानते.

यशोविजयजी आणि आनंदघनजी यांची भेट झाली, असे परंपरा सांगते. त्या भेटीच्या आनंदातून यशोविजयजींनी आनंदघनजींच्या स्तुतीपर आठ पदे रचली. तीच ‘अष्टपदी’. ज्याची सारी ख्याती तर्कावर उभी होती, त्या विद्वानाने एका कवीला वंदन करताना ना टीकाग्रंथ लिहिला, ना वादसभा भरवली. त्याने गाता येतील अशी पदे लिहिली. एका थोर लेखकाने दुसऱ्या थोर लेखकाला वाहिलेली ही संगीतमय आदरांजली आहे, आणि ती टाउन हॉलच्या मैफलीपेक्षा सुमारे तीनशे वर्षांनी जुनी आहे.

आनंदघनजींच्या स्तवनांवर पुढे विवेचन लिहिणाऱ्या ज्ञानसारजींविषयी असे सांगितले जाते की त्यांनी या रचनांवर दीर्घकाळ चिंतन केले आणि मगच लेखणी उचलली. आज एखाद्या स्तवनाची चित्रफीत एका दुपारी ध्वनिमुद्रित होऊन संध्याकाळी हजारो मोबाइलांवर पोहोचते. वेग हा दोष नव्हे. पण गाणाऱ्याने अर्थ एकदा तरी विचारला होता का, हा प्रश्न वेगामुळे सुटत नाही.

देशी : उसनी चाल, आपला शब्द

चित्रपटगीताच्या चालीवर स्तवन गाणे ही आजची विकृती आहे, असे अनेकांना वाटते. इतिहास मात्र काही वेगळे सांगतो. मध्ययुगीन जैन कवींचे रास आणि स्तवने चाळली तर प्रत्येक ‘ढाळी’च्या शिरोभागी एक छोटी नोंद आढळते. ‘अमुक गीताच्या देशीत’, म्हणजे त्या लोकप्रिय गीताच्या चालीवर ही ढाळ गावी. ही गीते लग्नातील, पाणवठ्यावरील, विरहाची, कधी शृंगाराचीही असत. साधुकवींनी ती चाल निःसंकोच घेतली, कारण गावातील बाईला ती येत होती. नवी चाल शिकवण्यात वेळ न दवडता त्यांनी नवा आशय तिच्या ओठांवर ठेवला.

यातून एक अनपेक्षित उपकारही घडला. त्या मूळ लोकगीतांपैकी कित्येक काळाच्या ओघात नाहीशी झाली. त्यांच्या पहिल्या ओळी उरल्या त्या जैन हस्तलिखितांच्या शिरोभागी. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गूर्जर कविओ’ या बृहद्ग्रंथात अशा देशींची सूची दिली आहे. लोकसंगीताच्या अभ्यासकांना ती मोलाची वाटते. ज्या साधूंनी संसार सोडला, त्यांनीच संसाराची गाणी नकळत जपली.

तेव्हा उसन्या चालीला सरसकट नाकारणे परंपरेला धरून होणार नाही. तरुणांच्या बाजूने हे मान्य केले पाहिजे. पण ज्येष्ठांच्या बाजूनेही एक गोष्ट तितकीच खरी आहे. जुन्या देशी पिढ्यान्‌पिढ्या स्तवनांतून गायिल्या गेल्या. मूळ गीत विसरले गेले आणि चाल स्तवनाची झाली. आजच्या चित्रपटगीताबरोबर त्याचे दृश्यही डोळ्यांसमोर उभे राहते. ‘प्रभु’ हा शब्द कानावर पडत असताना मनात नायक-नायिकेचा नाच चालू असेल, तर ती चाल श्रोत्याला स्तवनाकडे आणण्याऐवजी तेथून दूर नेत असते.

एलिंग्टन यांच्या उदाहरणातून निघणारी कसोटी येथे उपयोगी पडते. कार्यक्रमानंतर श्रोता काय घेऊन घरी जातो? रोमिओ-ज्युलिएटची धून ऐकून ज्याला ते नाटक पुन्हा वाचावेसे वाटते, त्याच्यापुरती ती आदरांजली सफल झाली. स्तवन ऐकून ज्याला त्यातील एका तरी शब्दाचा अर्थ विचारावासा वाटला, त्याच्यापुरती भक्तिसंध्या सफल झाली. चाल जुनी की नवी, पेटी की गिटार, हे त्यानंतरचे प्रश्न.

जॅझमधील स्वातंत्र्याकडेही याच दृष्टीने पाहता येते. एकाच धुनेविषयी प्रत्येक वादक आपले निवेदन करतो. कोणी तिच्यातील दुःख दाखवतो, कोणी तिच्यातील हसू. एकाचे म्हणणे दुसऱ्याला खोडून काढत नाही. दुसरा वाजवत असताना पहिला थांबतो आणि ऐकतो. अनेकांत हे तत्त्वज्ञान आहे आणि जॅझ ही एक कला. त्यांना एकरूप म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही वस्तूच्या एका अंशाविषयी बोलणारा ‘नय’ इतर अंश नाकारत नाही, हे मुलांना समजावून सांगताना अशा मैफलीचे उदाहरण चांगले उपयोगी पडते. मूळ धून सोडून जो भरकटतो त्याला जॅझमध्येही जाणकार दाद देत नाहीत. स्वातंत्र्याला आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे सर्वांनी मिळून मांडलेली पहिली धून.

दोन घडींचा कार्यक्रम

माण-हिंजवडीसारख्या ठिकाणी, जेथे एका सभागृहात चार बोलींची कुटुंबे बसतात, तेथे असा कार्यक्रम मराठीच्या आधाराने सहज योजता येईल. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक कवी निवडावा. आनंदघनजी, यशोविजयजी, किंवा श्रेणिक राजाचे चरित्र मराठीत लिहिणारे गुणदास. त्याची एकच रचना घ्यावी. आधी ती कोणीतरी संथपणे वाचावी आणि तिचा अर्थ सोप्या मराठीत सांगावा. मग घरातील ज्येष्ठ स्त्रीने ती तिच्या माहेरच्या चालीत, वाद्याविना गावी. अनेक आजींकडे अशा चाली आहेत आणि त्या कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. त्यानंतर तरुणांनी तीच रचना आपल्या वाद्यांवर मांडावी. ज्या मुलाला सॅक्सोफोन येतो त्याने सॅक्सोफोनवर, जिला कीबोर्ड येतो तिने कीबोर्डवर. शब्द न गाता केवळ धून वाजवली तरी चालेल, कारण शब्द आता सर्वांच्या मनात असतील. अखेरीस सर्वांनी मिळून मूळ चालीत ती एकदा म्हणावी.

वेळेची मर्यादा ४८ मिनिटांची असावी. सामायिकाच्या या दोन घडी जैन घराला परिचित आहेत. इतका वेळ चित्त एका विषयावर ठेवण्याचा सराव तेथे आधीपासून आहे. ‘सच स्वीट थंडर’ ही सगळी बारा तुकड्यांची मालाही एवढ्या वेळात ऐकून होते. कार्यक्रम सूर्यास्तापूर्वी संपला तर चौविहार करणाऱ्यांची अडचण होत नाही, आणि ध्वनिवर्धक मंद ठेवला तर शेजारच्या इमारतीतील रुग्णाची आणि परीक्षार्थीचीही.

आजींची ती चाल मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी, हे सांगणे मात्र अगत्याचे. ज्या कुटुंबांनी गाव सोडले, त्यांच्या नव्या घरांत जुनी भांडी आली, देव्हारा आला, पण चाली बहुधा स्मरणातच राहिल्या. आणि स्मरण माणसाबरोबर जाते. मारवाडातील एखाद्या गावची देशी आज माणमधील नवव्या मजल्यावर एका वृद्धेच्या कंठात जिवंत असेल. ती ऐकून घेण्यासाठी नातवंडांनी कानांतील यंत्र दोन घडी बाजूला ठेवावे. नंतर ती त्याच यंत्रात साठवावी, आणि जमल्यास तिच्यावर आपल्या वाद्याचा एखादा आलाप बांधावा. पर्युषणाला अजून अवधी असेल, तर सुरुवात एका स्तवनापासून करता येईल.